होमस्टेत पाहुणा द्वेषाचं बोलू लागला तर यजमानाने काय करावं

हॉटेलात पाहुण्याने वाह्यातपणा केला तर निस्तरायला मॅनेजर असतो, रखवालदार असतो. होमस्टे किंवा बेड अँड ब्रेकफास्टमध्ये, म्हणजे खोली आणि न्याहारी देणाऱ्या घरात, ही सगळी कामं एकाच माणसाची, आणि नेमक्या त्या वेळी तो हातात चहाची किटली घेऊन उभा असतो. सहा-आठ अनोळखी माणसं एका टेबलाभोवती बसलेली असतात. त्यातल्या एकाने कुणाच्या वर्णावर, जातीवर, धर्मावर, अपंगत्वावर किंवा जोडीदारावर शेरा मारला की बाकीचे खाली मान घालून खात राहतात. न्याहारीचे पैसे खोलीच्या भाड्यातच भरलेले असतात, त्यामुळे कुणी सहसा उठून जात नाही. हे थांबवणं यजमानाच्याच हातात असतं. तो मिठाची गुळणी धरून बसला, तर ज्याला तो शेरा लागला त्याला एकच अर्थ कळतो: या घरालाही तसंच वाटतं.

आधीची तयारी: नियम लिहून ठेवा

‘कृपया सौजन्याने वागा’ ही ओळ वाद झाल्यावर काही कामाची नसते, कारण सौजन्याची व्याख्या ज्याची त्याची. नियमात चार गोष्टी स्पष्ट हव्यात: कोणतं वागणं चालणार नाही, ते कुणाशी, ठरवणार कोण आणि पैशाचं काय. नमुना असा:

‘या घरात पाहुणे, कामावरची माणसं, यजमानांचं कुटुंब आणि शेजारी यांच्यापैकी कुणाचाही वंश, वर्ण, जात, धर्म, देश, भाषा, लिंग, लैंगिक कल, वय किंवा अपंगत्व यावरून अपमान, टिंगल किंवा धमकी चालणार नाही. असं घडल्यास यजमान एकदा समज देतील. पुन्हा घडल्यास मुक्काम तिथेच संपेल. धमकी दिल्यास किंवा अंगावर धावून गेल्यास समज न देताही संपेल. याबाबत यजमानांचा निर्णय अंतिम राहील. राहिलेल्या रात्रींचे पैसे परत मिळतील.’

हा मजकूर बुकिंगच्या आधी दिसला पाहिजे. पैसे भरून झाल्यावर खोलीतल्या फाइलमध्ये पहिल्यांदा सापडलेला नियम पाहुणा मानत नाही, आणि बुकिंग साइटही अशा वेळी यजमानाची बाजू क्वचितच घेते. म्हणून तो तीन ठिकाणी ठेवा: जाहिरातीच्या पानावर, बुकिंग पक्कं झाल्याच्या मेसेजमध्ये आणि खोलीत. थेट बुकिंग घेत असाल तर चेक-इनच्या कागदावर त्याखाली सही घ्या. एअरबीएनबी या बुकिंग साइटवर २०१६पासून यजमान आणि पाहुणा दोघांनाही भेदभाव न करण्याची अट मान्य करावी लागते. तुमचा नियम त्या अटीला जोडून आला तर तक्रार करताना सोपं जातं.

बोलणं कोणत्या जातकुळीचं आहे ते ओळखा

सगळ्यांना एकच औषध लागू पडत नाही. काही माणसं जुना, अपमानकारक शब्द सवयीने वापरतात, आणि कुणी हळूच सांगितलं तर वरमतात. काही चाचपणी करतात: आधी ‘हल्ली या भागात कोण कोण राहायला आलंय’ असं अर्धं वाक्य टाकतात, ऐकणारे हसले की पुढचं सोडतात. आणि काही थेट समोरच्या माणसाला लक्ष्य करतात. पहिल्याला माहिती द्यावी लागते. दुसऱ्याला प्रतिसाद मिळू द्यायचा नसतो. तिसऱ्याला मात्र तिथल्या तिथे थांबवावं लागतं.

पाहुण्याच्या मनात नेमकं काय आहे हे शोधत बसू नका. ज्याच्याबद्दल बोललं गेलं तो समोर आहे का, आणि सांगितल्यावर बोलणारा थांबतो का, एवढंच पाहा. पुढचं सगळं यावरून ठरतं.

टेबलावर: पहिली दहा सेकंदं

इथेच बहुतेक यजमान चुकतात. मुद्दाम कुणी चुकत नाही. गडबडून तोंडातून हसू निघतं, आणि ते घाबरलेलं हसू बोलणाऱ्याला दाद वाटते. म्हणून वाक्य आधीच पाठ करून ठेवा. प्रसंगी सुचेल या भरवशावर राहू नका, सुचत नाही.

हातातली किटली किंवा ट्रे खाली ठेवा. बोलणाऱ्याच्या डोक्यावर उभं राहू नका, बाजूला या. आवाज नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत. आणि एकच वाक्य: ‘असं बोलणं या टेबलावर नको.’ किंवा ‘आमच्याकडे माणसांबद्दल असं बोलत नाहीत.’ लगेच दुसऱ्या कुणाला तरी साधा प्रश्न विचारा: आज कुठे जायचं ठरलंय, आणखी चहा हवा का. विषय बदलण्याची ही जागा महत्त्वाची आहे. बोलणाऱ्याला त्यातून पडतं घ्यायला वाट मिळते आणि टेबलावरची शांतता लांबत नाही. मात्र आधी मनाई, मग विषयबदल. नुसताच विषय बदलला तर नकार कुणाला ऐकूच येत नाही.

‘म्हणजे नेमकं काय म्हणायचंय तुम्हाला?’ हा प्रश्न चाचपणी करणाऱ्यावर चांगला चालतो, कारण अर्धं वाक्य पूर्ण करायची वेळ आली की तो मागे सरतो. पण ज्याच्याविषयी बोललं जातंय तो माणूस टेबलावर असेल तर हा प्रश्न अजिबात विचारू नका. त्याला तेच सगळं पुन्हा, खुलाशासकट ऐकावं लागतं.

आकडेवारी, इतिहास, बातम्या यांच्यावरून वाद घालू नका. शब्दाने शब्द वाढतो, आणि मुद्दा ‘असं बोलू नये’ यावरून ‘खरं कुणाचं’ याकडे सरकतो. घराचा नियम सिद्ध करावा लागत नाही.

आणखी दोन चुका नेहमी होतात. एक, ‘त्यांचा स्वभावच तसा आहे, मनावर घेऊ नका’ अशी सारवासारव. यात सोसण्याचं काम पुन्हा दुखावलेल्यावरच येतं. दुसरी, सगळ्यांदेखत त्या दुखावलेल्या माणसाकडे वळून ‘तुम्हाला वाईट वाटलं का?’ असं विचारणं. सगळ्यांसमोर तो बिचारा ‘नाही नाही’च म्हणणार.

मग बाजूला घेऊन समज द्या

त्याच सकाळी. उद्यावर टाकलं की यजमानाचाच धीर सुटतो, आणि पाहुण्याला वाटतं की प्रकरण मिटलं. जागा व्हरांड्याची किंवा दार उघडं असलेल्या खोलीची, हाकेच्या अंतरावर आपलं दुसरं माणूस. वेळ दोन मिनिटं, वाक्यं तीन: काय ऐकलं ते त्याच्याच शब्दांत, कोणता नियम मोडला, आणि पुन्हा झालं तर काय होईल. ‘तुम्ही द्वेषी आहात’ असं म्हणू नका. माणसाला नाव ठेवलं की तो स्वतःचा बचाव करत बसतो, आणि तो काय बोलला हे मागे पडतं.

उलट उत्तरं ठरलेली असतात. ‘गंमत केली’ म्हणाला तर: ‘ठीक आहे, पण इथे अशी गंमत नको.’ ‘मी पैसे मोजलेत’ म्हणाला तर: ‘टेबलावरच्या बाकीच्यांनीही मोजलेत.’ ‘मला बोलायचं स्वातंत्र्य आहे’ म्हणाला तर: ‘आहे. हे माझं घर आहे, आणि नियम बुकिंगआधीच दाखवला होता.’ याच्या पुढे बोलू नका. माफी मागितली तर स्वीकारा, पण दुखावलेल्या पाहुण्यापुढे त्याला घेऊन जाऊ नका. माफी ऐकायची की नाही हे त्या पाहुण्याने ठरवायचं.

दारूच्या अमलात असलेल्या माणसाला समज देऊ नका. त्याला खोलीपर्यंत पोचवा, बोलणं सकाळी. निघून जायला लागला तर स्वतः गाडी चालवू देऊ नका, टॅक्सी बोलवा.

ज्याला लागलं त्याच्याकडे आधी जा

क्रम सोयीसाठी खाली लिहिला, पण शक्य असेल तर समज देण्याआधी इकडे या. एकट्यात, थोडक्यात: ‘जे झालं ते मी ऐकलं. ते चुकीचं होतं. मी त्यांच्याशी बोलतोय. तुम्हाला काय सोयीचं वाटेल?’ मग गप्प राहा आणि ऐका. वेगळं टेबल, न्याहारी खोलीत, न्याहारीच्या दोन पाळ्या करणं, खोली बदलणं, पैसे परत घेऊन निघून जाणं: हे पर्याय मनात तयार ठेवा, पण हलायचं कुणी, तर शेरा मारणाऱ्याने. ‘तुम्हाला मागची खोली देऊ का?’ ही पहिलीच सूचना झाली तर शिक्षा ज्याची चूक नाही त्यालाच होते.

कामावरच्या माणसांसाठी

खोल्या आवरणाऱ्या, न्याहारी वाढणाऱ्या माणसांना पाहुण्याशी वाद घालायचा अधिकार बहुधा वाटत नाही, म्हणून तो स्पष्ट शब्दांत द्या: असं कुणी बोललं तर हातातलं काम तसंच टाकून निघून यायचं, पगार कापला जाणार नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०१९चा करार क्रमांक १९०, जो २०२१मध्ये अमलात आला, त्यात कामाच्या जागी बाहेरच्या व्यक्तींकडून होणाऱ्या छळाचाही विचार केलेला आहे. त्रासदायक पाहुण्याची खोली दोघांनी मिळून, दार सताड उघडं ठेवून आवरावी, शक्यतो तो बाहेर गेल्यावर. ‘त्या बाईंना आमच्या खोलीत पाठवू नका’ अशी मागणी वंश, जात किंवा धर्मावरून आली तर मान्य करू नका. ‘मग खोली मुक्कामभर आवरली जाणार नाही’ एवढं सांगा. शेजारच्या खोलीत कोण उतरलंय या प्रश्नालाही उत्तर द्यायचं नाही.

द्वेष यजमानावरच असेल, दारात तुम्हाला पाहूनच पाहुणा मागे फिरला, तर अडवू नका. बुकिंग रद्द करण्याचा नेहमीचा नियम जसाच्या तसा लावा, रागाने कडक नको आणि संकोचाने सैल नको.

मुक्काम संपवायचा असेल तर

धमकी, अंगावर धावून जाणं, कुणाच्या खोलीपर्यंत पाठलाग, भिंतीवर किंवा सामानावर काही लिहिणं: यात समज देण्याची पायरी गाळा. एरवी समज दिल्यानंतर पुन्हा घडलं की निर्णय पक्का. तेव्हा माघार घेतली तर तो नियम त्या घरात पुन्हा कुणी मानत नाही.

बुकिंग साइटवरून आलेला पाहुणा असेल तर आधी साइटच्या मदतकक्षाला कळवा आणि पाहुण्याला साइटच्याच मेसेजमधून लिहा. फोनवरच्या बोलण्याचा पुरावा राहत नाही. धोका नसेल तर रात्री काढू नका. दिवसा दुसरी जागा मिळते. हिशेब तयार ठेवा, राहिलेल्या रात्रींचे पैसे लगेच परत करा. पैशाचा वाद नसला की माणूस लवकर निघतो, आणि पैसे लाटायला हाकललं हा आरोपही उरत नाही. सामान बांधायला एक तास द्या. बॅगेला हात लावू नका, कुलूप बदलून बाहेर ठेवू नका, धक्काबुक्की तर मुळीच नाही. गेला नाही तर पोलीस. तो गेल्यावर दाराचा कोड बदला.

कायद्याची एक बाजू ध्यानात हवी. काढण्याचं कारण वागणं असलं पाहिजे. पाहुण्याचा स्वतःचा धर्म, वंश किंवा देश कधीही नाही. ब्रिटनमध्ये एका समलिंगी जोडप्याला दोघांची खोली नाकारणाऱ्या बेड अँड ब्रेकफास्ट चालकांचा तो भेदभाव असल्याचा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३मध्ये दिला. अमेरिकेत १९६४च्या नागरी हक्क कायद्यात मालक राहत असलेल्या, भाड्याच्या पाचपेक्षा जास्त खोल्या नसलेल्या घरांना सूट आहे, पण राज्यांचे कायदे अधिक कडक असू शकतात. लांब मुक्कामाचंही तपासा: काही ठिकाणी ठरावीक दिवसांनंतर पाहुण्याला भाडेकरूचे हक्क मिळतात आणि एका तासात बाहेर काढणं बेकायदा ठरतं.

नोंद आणि नंतरचा रिव्ह्यू

त्याच दिवशी, आठवण ताजी असताना लिहा: तारीख, वेळ, जागा, त्याचे शब्द जसेच्या तसे अवतरणात, कोण हजर होतं, तुम्ही काय म्हणालात. ‘उद्धट’, ‘हलकट’ अशी विशेषणं गाळा. ती काढली की नोंद जास्त विश्वासार्ह वाटते. मोडतोड असेल तर फोटो. चोरून चित्रण करू नका. एअरबीएनबीने एप्रिल २०२४च्या अखेरीपासून घरातले कॅमेरे, सामाईक जागेतलेही, पूर्ण बंद केले आहेत.

तिथे रिव्ह्यू लिहायला दोन्ही बाजूंना १४ दिवस असतात आणि दोघांचं लिहून होईपर्यंत किंवा मुदत संपेपर्यंत एकमेकांचं दिसत नाही. म्हणून घाई नको, पण टाळूही नका. पुढच्या यजमानाला ही माहिती हवी असते. ‘इतर पाहुण्यांचा धर्मावरून अपमान केला, समज दिल्यावरही थांबले नाहीत’ एवढं पुरे. ‘पैसे परत द्या, नाहीतर वाईट लिहीन’ असा मेसेज आला तर उत्तर देण्याआधी त्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि साइटला पाठवा, अशी धमकी तिथल्या नियमांत बसत नाही. वाईट रिव्ह्यू आलाच तर खाली तीन वाक्यांत उत्तर द्या, आणि त्यात दुखावलेला पाहुणा कोण, कुठला हे ओळखू येईल असा एकही शब्द येऊ देऊ नका.