करप्ट फाइलमुळे अपडेट अडकलंय? कमांड टाकण्याआधी हे हाताशी ठेवा

विंडोजचं अपडेट शंभर टक्क्यांपर्यंत जातं, रीस्टार्ट होतं आणि मग सगळे बदल मागे घेऊन पुन्हा जुन्या जागी येतं. असं होत असेल तर ‘रिट्राय’ दाबत बसू नका. सिस्टीमच्या फाइलच करप्ट असतील तर दहाव्यांदाही तेच होणार. पण म्हणून लगेच कुठला तरी व्हिडिओ लावून काळ्या खिडकीत कमांड टाकायलाही बसू नका. आधी तयारी.

चार्जर लावा. सी ड्राइव्हवर वीसेक जीबी जागा मोकळी करा. नेट हॉटस्पॉटवर असेल तर डेटा पुरेसा आहे का बघा. अ‍ॅडमिनचा पासवर्ड माहीत असू द्या. प्रिंटर, जादा हार्ड डिस्क वगैरे काढून ठेवा. बाहेरचा अँटिव्हायरस असेल तर तेवढ्यापुरता बंद करा.

आता बिटलॉकरची, म्हणजे ड्राइव्हला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची, रिकव्हरी की. ही आधी मिळवा, मग पुढचं वाचा. मागच्या वेळी माझं सगळं जमलं होतं, फक्त हीच नव्हती. वडिलांच्या लॅपटॉपची अख्खी ड्राइव्ह पुसून विंडोज नव्याने टाकावी लागली. ‘आपण कधी बिटलॉकर लावलंच नाही’ हे उत्तर चालत नाही. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने सेटअप केला की डिव्हाइस एन्क्रिप्शन (बिटलॉकरचंच साधं रूप) आपोआप चालू होतं, अगदी होम एडिशनवरसुद्धा. रोजच्या वापरात त्याचा पत्ता लागत नाही. दुरुस्तीसाठी सेफ मोडमध्ये (अगदी गरजेपुरतं विंडोज चालू करण्याची पद्धत) जायला जावं, रिकव्हरीतून कमांड प्रॉम्प्ट (तीच काळी खिडकी) उघडावा किंवा बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणारी सेटिंग्ज) काही बदलावं, की निळ्या पडद्यावर ४८ आकडे मागितले जातात. ते नसतील तर आत शिरायला दुसरी वाट नाही.

म्हणून लॅपटॉप अजून सुरू होतोय तोवरच सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का ते पाहा. चालू असेल तर फोनवरून मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉगिन करून तिथली रिकव्हरी की शोधा. एकाच खात्यात जुन्या लॅपटॉपच्याही की असतात, त्यामुळे की आयडीची पहिली आठ अक्षरं जुळवून घ्या. आणि खातं कोणाचं आहे? पहिल्या दिवशी सेटअप ज्याने केला त्याचं. तो पुण्यातला भाचा असेल, दुकानातला मुलगा असेल, जुनी कंपनी असेल. त्याला आज फोन करा, अडकल्यावर नको. खातं सापडतच नसेल तर अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘मॅनेज-बीडीई’ या कमांडला सी ड्राइव्हचे प्रोटेक्टर दाखवायला सांगा (manage-bde -protectors -get C:), सहा-सहा आकड्यांचे आठ गट समोर येतात. ते कागदावर उतरवा आणि कोणाला तरी मोठ्याने वाचायला लावून ताडून पाहा. त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर सेव्ह करून ठेवलेली रिकव्हरी की काही कामाची नाही.

१९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेट फाइलने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं बंद पाडली, आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. ती फाइल काढून टाकणं तसं किरकोळ काम होतं. पण ड्राइव्ह एन्क्रिप्ट केलेली असेल तिथे सेफ मोडमध्ये जायला आधी रिकव्हरी की लागत होती, आणि ती शोधण्यातच अनेक ठिकाणी आयटीवाल्यांचा जीव मेटाकुटीला आला. त्यांच्याकडे निदान अख्खा विभाग होता. घरी तुम्ही एकटे असता.

बॅकअप घ्या, हे वेगळं सांगत नाही. फक्त एवढं बघा की डॉक्युमेंट्स आणि फोटो म्हणजे सगळं नव्हे. टॅलीचा डेटा बहुतेकदा तिथे नसतो. नंतर बसवलेले मराठी डीटीपीचे फॉन्ट विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमध्ये असतात. तेही उचला.

मग एरर कोड लिहून घ्या, फोटो काढा. शेवटी ७३७१२ असेल तर कंपोनंट स्टोअर (सिस्टीम फाइलच्या चांगल्या प्रतींचा विंडोजमधला साठा) बिघडलंय, म्हणजे तुम्ही योग्य वाटेवर आहात. शेवटी ०८१एफ असेल तर दुरुस्तीसाठी लागणाऱ्या मूळ फाइल सापडत नाहीयेत. कोड न वाचता कामाला लागलात तर दिवस फुकट जाईल. जानेवारी २०२४ मध्ये केबी५०३४४४१ हे अपडेट असंच अनेकांकडे अडलं होतं, कोडच्या शेवटी ०६४३. तिथे रिकव्हरी पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळी जागा नव्हती, एवढंच. फाइल दुरुस्त करून ते सुटणारच नव्हतं. आणि विंडोज १० असेल तर १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपलाय. मुदतवाढीसाठी नाव नोंदवलं नसेल तर अपडेट न येणं हा बिघाड नव्हे.

दुसऱ्या चांगल्या कॉम्प्युटरवरून मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरची आयएसओ फाइल (विंडोज बसवण्याची अख्खी प्रत) पेनड्राइव्हवर आणून ठेवा. एडिशन आणि भाषा जुळायलाच हवी. आपल्याकडचे बरेच लॅपटॉप ‘होम सिंगल लँग्वेज’ असतात, नुसतं ‘होम’ नव्हे. इंग्लिशचेही दोन प्रकार आहेत, युनायटेड स्टेट्स आणि इंटरनॅशनल. चुकीचा आणलात तर अ‍ॅप जशीच्या तशी ठेवण्याचा पर्याय मिळणार नाही. डिझम (DISM) या विंडोजच्या दुरुस्ती कमांडला ‘गेट-आयएनटीएल’ विचारलं (dism /online /get-intl) की सिस्टीमची मूळ भाषा कळते.

आता काम. पहिल्यांदा चेकडिस्क (chkdsk), म्हणजे डिस्क तपासणारी कमांड. डिस्कच मरायला टेकली असेल तर दुरुस्ती तिथेच थांबवा, डेटा बाहेर काढा. डिस्क ठीक असेल तर डिझमचं रिस्टोअरहेल्थ (dism /online /cleanup-image /restorehealth) आणि त्यानंतरच सिस्टीम फाइल तपासणाऱ्या एसएफसीचं स्कॅननाऊ (sfc /scannow). हा क्रम उलटा करू नका. एसएफसी चांगल्या प्रती कंपोनंट स्टोअरमधून घेतं आणि डिझम ते स्टोअरच दुरुस्त करतं. विरजणच नासलेलं असेल तर दही कसलं लागणार? डिझम ६२.३ टक्क्यांवर बराच वेळ अडल्यासारखं दिसतं. खिडकी बंद करू नका, थांबा. फाइल सापडत नाहीत म्हणालं तर आयएसओमधल्या ‘इन्स्टॉल’ फाइलचा पत्ता द्या, तुमच्या एडिशनच्या इंडेक्स नंबरासकट.

रीस्टार्ट, पुन्हा अपडेट. नाहीच झालं तर अपडेटच्या सर्व्हिस (मागे चालणारे प्रोग्राम) थांबवून ‘सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्युशन’ आणि ‘कॅटरूट२’ या फोल्डरांची नावं बदला, पुन्हा प्रयत्न करा. तरीही नाही? चालू विंडोजमध्येच आयएसओ उघडून सेटअप चालवा, फाइल आणि अ‍ॅप ठेवा म्हणून सांगा. त्याआधी बिटलॉकर सस्पेंड (तात्पुरतं बंद) करा. आणि तो कागद खिशात आहे ना? ४८ आकड्यांचा? नसेल तर सेटअपला हात लावू नका.

अपडेट बसलं की बिटलॉकर पुन्हा चालू झालंय का बघा, नाव बदललेले फोल्डर काढून टाका.