विनोदी प्रेमकथेत खून कसा करावा

विनोदी आणि प्रेमळ खुनाची कादंबरी लिहायला बसलेल्या माणसाला हमखास मिळणारा सल्ला असा: एक प्रकरण तपासाचं, एक प्रेमाचं आणि मध्येमध्ये विनोद पेरा. या सल्ल्यावर उभ्या केलेल्या कादंबऱ्या अर्ध्यावरच बसतात. प्रेमाचं प्रकरण आलं की वाचक पानं उलटतो, कारण त्याला खुनी हवा असतो. तपास सुरू झाला की विनोद रजेवर जातो, आणि विनोद परत आला की प्रेताची कुणाला आठवण राहत नाही. तिन्ही गोष्टी एकाच घटनेच्या पोटातून निघायला हव्यात. ते कसं जमवायचं एवढंच इथे सांगतो. लिहायची शिस्त आणि भरपूर रहस्यकथांचं वाचन तुमच्यापाशी आहे, हे धरून चालू.

उदाहरण एकच घेऊ. पुण्यातली सोळा फ्लॅटची जुनी सोसायटी. खजिनदार अण्णा, वय सत्तर, अविवाहित, पंपाच्या खोलीची किल्ली कायम कमरेला. एका सकाळी नऊ वाजता अण्णा त्या खोलीतल्या ओल्या पायऱ्यांच्या तळाशी मरून पडलेले सापडतात.

पायरी १ : खरं काय घडलं ते आधी लिहा

पहिल्या प्रकरणाला हात लावण्याआधी दोन पानांत, घड्याळाच्या वेळांसकट, खरी हकीकत लिहून काढा. ‘लिहिता लिहिता खुनी सापडेल’ असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. खुनी सापडतो, पण तोवर दोनशे पानं चुकीच्या माणसावर रोखलेली असतात.

आपली हकीकत अशी. रात्री दहाला अण्णा व्हॉल्व्ह बंद करायला खाली उतरतात. ठाण्याहून आलेला पुतण्या मागोमाग जातो. फ्लॅटवरून वाद, एक धक्का, आणि अण्णा गेले. पुतण्या त्यांच्याच घरात रात्र काढतो. पहाटे त्याला सुचतं की अण्णा रोजच्यासारखे पंप सुरू करायला उतरले आणि घसरले, असं दिसलं की काम झालं. पंप किती वाजता सुरू होतो? फाटकाजवळच्या सूचना फलकावर लिहिलेलं आहे: साडेपाच. तो ठीक साडेपाचला बटण दाबतो आणि निघून जातो. घोळ इथेच होतो. अण्णा कित्येक वर्षं सव्वासहाच्या आत पंपाला हात लावत नव्हते. फलकावरच्या वेळेवर विश्वास ठेवणारा माणूस त्या सोसायटीत राहणारा असूच शकत नाही.

खुनाची युक्ती अशीच हवी, त्या जागेच्या सवयीतून आलेली. दुर्मीळ विषं, जुळे भाऊ आणि गुप्त भुयारं यांत विनोदाला जागाच नसते.

हेतूही घरगुती ठेवा. फ्लॅटसाठी अण्णांनी पुतण्याचं नामनिर्देशन केलं होतं, म्हणून तो स्वतःला मालक समजून बसला. प्रत्यक्षात नॉमिनी हा वारस ठरेपर्यंतचा विश्वस्त असतो. मृत्युपत्र नाही, आईवडील नाहीत, भाऊही आधीच गेलेला, दोन बहिणी हयात आहेत. हिंदू उत्तराधिकार कायद्यानं फ्लॅट बहिणींना जातो आणि पुतण्याच्या हाती काही लागत नाही. फुकट गेलेला खून या प्रकारच्या कादंबरीला फार शोभतो.

पायरी २ : माणसं आणि मुदत

संशयित सहाच्या वर नकोत. इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम छापले, त्यातला पहिला आजही मोडू नये: गुन्हेगाराचा उल्लेख कथेच्या सुरुवातीच्या भागातच यायला हवा. म्हणून पुतण्याला पहिल्याच प्रकरणात आणा, हातात काकडीची कोशिंबीर द्या आणि कुणाच्या तरी बारशाला बसवा.

मुदत आयती मिळते. सहकारी सोसायटीला वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि चौदा दिवस आधी नोटीस द्यावी लागते. नोटीस लागली, मग अण्णा गेले, सभा तोंडावर आली आणि हिशेब कुणाकडेच नाही. शेवटी सगळे संशयित एका हॉलमध्ये बटाटेवड्याची वाट पाहत बसलेले मिळतात, तेही तुम्ही कुणाला ओढून न आणता.

पायरी ३ : पोलीस आणि डॉक्टर

इथे ढिलाई केली की जाणकार वाचक पुस्तक मिटतो. कथा १ जुलै २०२४ नंतरची असेल तर गुन्हा भारतीय न्याय संहितेखाली दाखल होतो, आणि खुनाच्या शिक्षेचं कलम १०३ आहे. संवादात मात्र लोक ‘तीनशे दोन’च म्हणतील, आणि म्हणू द्या. एखाद्या निवृत्त कारकुनाला दर वेळी ती दुरुस्ती करायला लावा, माणूस उभा राहतो.

पायऱ्यांखाली पडलेल्या म्हाताऱ्याबद्दल पोलीस आधी आकस्मिक मृत्यूची नोंद करतात, पंचनामा होतो, प्रेत शवविच्छेदनाला जातं. पंच म्हणून सोसायटीतलेच दोघे सही करतात. एकमेकांशी न बोलणारे दोन शेजारी निवडलेत तर तीन पानं स्वतःच लिहिली जातात. हौशी शोधकाच्या हातात कुणी शवविच्छेदनाचा अहवाल ठेवत नाही. तो पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त डॉक्टरांच्या बोलण्यातून झिरपू द्या.

मरणानंतरचा ताठरपणा आपल्या हवेत एकदोन तासांत जबड्यापासून आणि मानेपासून सुरू होतो आणि सगळ्या अंगात यायला साधारण बारा तास लागतात. नऊ वाजता अण्णांचे पायही ताठलेले असतील, तर ते पहाटे गेलेले नाहीत, रात्रीच गेलेत. मग पंप कुणी सुरू केला? डॉक्टरांनी नेमकी वेळ सांगू नये. हवा, ओल आणि अंगकाठी यांनी ती पुढेमागे होते. ‘दहा वाजून वीस मिनिटांनी’ सांगणारा डॉक्टर फक्त वाईट कादंबरीत भेटतो.

आणखी एक. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. त्यामुळे शेवट नुसत्या रडून दिलेल्या कबुलीवर टांगू नका. पंपाच्या खोलीची किल्ली, मोबाइलचं लोकेशन, काहीतरी हाती लागणारं ठेवा.

पायरी ४ : प्रेम तपासाच्या आड यायला हवं

नायक-नायिका मिळून खुनी शोधतात आणि शोधता शोधता प्रेमात पडतात, ही मांडणी टाळा. त्यात प्रेम काढून टाकलं तरी रहस्य तसंच उभं राहतं, म्हणजे ते प्रेम फुकट आलेलं असतं.

आपल्याकडे सचिव मधुकरराव आहेत, त्रेसष्ट वर्षांचे विधुर, आणि सुलभाताई, एकोणसाठ वर्षांच्या निवृत्त शिक्षिका, पती जाऊन बरीच वर्षं झालेली. दोघं रोज पहाटे पाचला गच्चीवर थर्मासमधला चहा पितात आणि जगाला वाटतं ते प्राणायाम करतात. त्या पहाटे त्यांनी सूचना फलकासमोर मोबाइलचा उजेड पाडून उभा असलेला एक माणूस वरून पाहिला. सांगावं तर ‘पहाटे दोघं गच्चीवर काय करत होतात’ याचं उत्तर द्यावं लागेल, आणि सुलभाताईंची सून चाळीस जणांच्या ग्रुपवर आहे. म्हणून दोघं गप्प. आता त्यांनी प्रेम कबूल केल्याशिवाय खून उलगडत नाही. इन्स्पेक्टरसमोर मधुकररावांच्या तोंडून ‘सुलभा’ निघतं, ‘ताई’ राहून जातं, तिथे वाचक हसतो, हळवा होतो आणि त्याचा संशयही जागा होतो.

कथा मात्र या दोघांच्या डोक्यातून सांगायची नाही. ज्याच्या मनात आपण बसलो आहोत त्यानं पाहिलेलं दडवणं ही वाचकाशी लबाडी आहे. शोध तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे द्या. त्यांना गच्चीवरच्या प्राणायामाबद्दल आधीपासून दाट शंका आहेच.

पायरी ५ : दुवा विनोदात पुरणे

दुवा म्हणजे खुन्याकडे नेणारी खूण, आणि खरी कसोटी ती लपवण्यात आहे. बाकी सगळं चुकलं तर दुरुस्त होतं. हे चुकलं तर कादंबरी एक तर ढोबळ होते, नाही तर शेवटी फसवल्यासारखी वाटते. हसणारा वाचक पुरावे मोजत नाही, एवढ्या एका गोष्टीवर हा सगळा प्रकार चालतो.

आपला दुवा तीन तुकड्यांचा आहे: फलकावर साडेपाच लिहिलंय, अण्णा सव्वासहाला पंप लावतात, त्या दिवशी पाणी साडेपाचला आलं. हे तिन्ही एका पानावर आले की संपलं. कच्चा लेखक असं लिहितो:

‘काकूंनी नळ सोडला. काय आश्चर्य! पाणी साडेपाचलाच आलं होतं. अण्णा तर नेहमी सव्वासहाला पंप सुरू करत. असं का बरं झालं असेल?’

वाचकाच्या हातात खुनी दिला आणि वर उद्गारचिन्हही दिलं. त्याऐवजी:

‘नळ घोगरा खाकरला आणि काकू दचकून उठल्या. बाहेर अंधार. बादलीत कालची भांडी, कवळी वाटीत. काकूंनी आधी बादली मोकळी केली, मग तोंडात कवळी बसवली आणि मग ग्रुपवर लिहिलं, ‘पाणी आज चक्क वेळेवर. कोण गेलं की काय?’ पाच अंगठे आले. जोशींनी हात जोडलेले पाठवले. ते सगळ्यालाच पाठवतात.’

इथे साडेपाच हा आकडा कुठेच नाही. ‘अंधार’ आणि ‘वेळेवर’ एवढंच आहे. परिच्छेद दुव्यावर संपत नाही, जोशींवर संपतो. शेवटच्या वाक्यावर वाचकाचं लक्ष थांबतं, म्हणून दुवा कधीही शेवटी ठेवू नये; तो मधल्या वाक्यात, दोन निरुपद्रवी तपशिलांच्या शेजारी बसवावा. आणि विनोदाचा ठोका दुव्यावर पडू देऊ नका, त्याच्या एक पाऊल पुढे पडू द्या.

पुढचं काम लाजेकडून करून घ्यायचं. नऊ वाजता अण्णा सापडतात आणि काकूंचा तो मेसेज सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो. काकू तो पुसायला जातात, तोवर सुनांनी फोटो काढून ठेवलेला असतो. आता वाचकाच्या लक्षात राहतो तो काकूंचा आगाऊपणा. वेळ विसरली जाते. दोनशे पानांनंतर काकूंनाच कळतं की आपल्या चेष्टेतच उत्तर होतं. अपराधी वाटण्याखाली झाकलेला दुवा नुसत्या हशाखाली झाकलेल्या दुव्यापेक्षा जास्त टिकतो.

बाकीचे दोन तुकडे लांब टाका. सव्वासहा हा आकडा पहिल्या प्रकरणात, अण्णांच्या स्वभावाच्या वर्णनात, त्यांच्या काटकसरीच्या इतर नमुन्यांबरोबर यावा. फलक मात्र निदान दोनदा दिसायला हवा, आणि दोन्ही वेळा दुसऱ्याच कारणासाठी. एकदा कुत्र्यांविषयीच्या सूचनेवरचं व्याकरण सुलभाताई लाल पेनानं सुधारतात तेव्हा खालची पाण्याची वेळ नजरेत येते. दुसऱ्यांदा भाडेकरू फलकावरच्या वेळेवर विसंबून अंगाला साबण लावून बसतो.

आता एक इशारा, जो बहुतेक जण देत नाहीत. पाण्यावरचा तुमचा विनोद एकच असेल तर रहस्यकथा कोळून प्यायलेला वाचक त्याच्यावर बोट ठेवेल. पाण्यावर आठ-दहा विनोद हवेत: टँकरचा, गळक्या टाकीचा, पहिल्या मजल्यावरच्यांना जास्त दाब मिळतो त्याचा. त्यातला एकच कामाचा. उलट, खोटे दुवेही विनोदातच द्या. नाही तर गंभीर चेहऱ्यानं दिलेला प्रत्येक दुवा खोटा आणि हसत दिलेला प्रत्येक खरा असा नमुना वाचकाला चौथ्या प्रकरणात कळतो.

आणि प्रेतावर विनोद करू नका. अण्णा सापडतात ते पान पूर्ण कोरडं लिहा: ओली पायरी, एक चप्पल पायात, दुसरी वरच. हशा पुढच्या पानावर, जिवंत माणसांच्या वागण्यावर: शववाहिका आत यावी म्हणून गाडी हलवायची कुणी, यावर. अण्णांच्या दोन बहिणी येतात तेव्हा तर त्यांना एकही विनोदी वाक्य देऊ नका. खून कुणाला तरी लागला आहे हे एका ठिकाणी तरी दिसलं नाही, तर खुनी सापडला काय आणि न सापडला काय.

पायरी ६ : लांबी

साठ ते सत्तर हजार शब्द पुरे. प्रेत पहिल्या दहा टक्क्यांत.

पायरी ७ : उलगडा

सभेतच करा, पण विषयपत्रिकेच्या क्रमानं. मागील सभेचं इतिवृत्त, मग हिशेब, मग पाणी. काकू ‘आयत्या वेळचे विषय’मध्ये बोलायला उठतात आणि अध्यक्ष त्यांना तीन मिनिटं देतात. गच्चीवरची कबुली मधुकररावांनी स्वतः उभं राहून द्यावी, पुतण्याचं नाव येण्याच्या आधी. नंतर दिली तर ती नुसती साक्ष उरते. सगळं समजावणारं भाषण दोन पानांच्या वर जाऊ देऊ नका. मध्ये कुणीतरी वडे गार होताहेत म्हणायलाच हवं.

पायरी ८ : कच्चा खर्डा वाचायला देणे

घरच्यांना देऊ नका, ते कौतुक करतील. चार-पाच जणांना फक्त तीन चतुर्थांश भाग द्या आणि खुन्याचं नाव व कारण कागदावर लिहायला सांगा. सगळ्यांनी पुतण्या लिहिला आणि कारणही बरोबर दिलं, तर फलक एकदा कमी दाखवा. पुतण्या लिहिला पण कारण ‘तोच उरला होता’ असं असेल, तर दुवे ठीक आहेत, संशयित कमी पडले. मधुकररावांवरचा संशय वाढवा. कुणालाच पुतण्या आठवत नसेल तर त्याला मधल्या भागात आणखी दोनदा आणा, एकदा तरी फलकासमोरून. आणि कुणी ‘कोणीही असू शकतं’ असं लिहिलं, तर पायरी ५ पुन्हा सुरू करा, पहिल्या प्रकरणातल्या सव्वासहापासून.