खिशातली सिरिंज

बडोद्याच्या दांडिया बाजारात आईला कोणी विचारलं, मुलगा काय करतो, तर ती सांगते, "कॉलेजात बाहुल्या सांभाळतो." अगदीच चूक नाही. सीपीआर, म्हणजे बंद पडलेल्या हृदयासाठी छाती दाबणं, शिकवायची ती प्रसिद्ध डमी १९६० मध्ये नॉर्वेच्या लेर्दाल नावाच्या खेळणीवाल्यानेच बाजारात आणली. आपल्याकडे २०२० च्या नियमांत मेडिकल कॉलेजला स्किल लॅब, म्हणजे डमीवर सराव करायची लॅब, सक्तीची झाली, आणि माझ्यासारखे बायोमेडिकल डिप्लोमावाले इकडे वळले.

या कामाला नव्याने लागलात? डमी उघडणं, फुप्फुसाच्या पिशव्या बदलणं, मॉनिटरवर ठोके बिघडवणं हे महिन्याभरात हाताला येतं. बीटाडीन आणि बॉलपेन डमीपासून लांब ठेवा, डाग जात नाहीत. सत्राआधी छाती स्वतः दाबून बघा, पाच-सहा सेंटिमीटरची खोली नीट मोजते का. पुढचं आपोआप येतं.

मी अडकलो सिरिंजवर. दुसराच महिना. सर म्हणाले, "सगळं खऱ्यासारखं दिसलं पाहिजे." मी सहा सिरिंजमध्ये नळाचं पाणी भरलं आणि वॉर्डात लावतात तस्संच लेबल चिकटवलं: ॲड्रेनालिन, १ मि.ग्रॅ. ड्रिल, म्हणजे आणीबाणीचा सराव, झकास झाली. आवरताना पाचच सापडल्या. कचऱ्यात गेली असेल, म्हणून मी घरी निघून गेलो.

ती सहावी एका रेसिडेंटच्या, म्हणजे शिकाऊ डॉक्टरच्या, एप्रनच्या खिशातून आयसीयूच्या ट्रेमध्ये पोचली होती. लेबलवर वेळ आणि सही नाही, म्हणून तिथल्या जुन्या सिस्टरना शंका आली. "आ कोणे भर्युं?" (हे कोणी भरलं?) असं गुजरातीत विचारत त्या दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये आल्या, तेव्हा माझे पाय लटपटत होते. हृदय बंद पडलेल्या माणसाला औषधाऐवजी पाणी, तेही नळाचं, थेट शिरेत. असं घडतं बरं का. २०१४ च्या सुमारास अमेरिकेत सरावाचं सलाइन खऱ्या रुग्णांना लागलं आणि कित्येक जण आजारी पडले.

तेव्हा सांगतो, कंटाळा आला तरी ऐका. प्रत्येक सिरिंज, बाटली आणि ॲम्प्यूलवर (औषधाच्या काचेच्या कुपीवर) "फक्त सरावासाठी" अशी भडक पट्टी हवी. खोटं दिसलं तर दिसू दे, सरांना मी समजावतो. आत किती नेल्या, बाहेर किती आल्या, वहीत लिहा. आकडा जुळेपर्यंत कुलूप लावू नका. फार्मसीवाले मुदत संपलेली औषधं फुकट देतात, ती तर घेऊच नका. पैसे वाचवायची ही युक्ती सुचवणारे वरिष्ठ प्रत्येक कॉलेजात असतात आणि ते एरवी फार प्रेमळ असतात.

घाबरलात? नको. त्या सिस्टरनी माझी तक्रार केली नाही. उलट आठवडाभर दुपारी बसवून क्रॅश कार्ट, म्हणजे आणीबाणीच्या औषधांची ढकलगाडी, शिकवली. ऑनलाइन सर्टिफिकेटांवर मी बरेच पैसे घातलेत, पण त्या सात दुपारींइतकं कशानेच शिकवलं नाही. जमलं तर अशी एखादी सिस्टर गाठा, डॉक्टरांना वेळ नसतो.

आता ड्रिल संपली की मी दारात ट्रे घेऊन उभा राहतो आणि सगळ्यांना खिसे उलटे करायला लावतो. रेसिडेंट मला "एअरपोर्टवाले काका" म्हणतात. वय माझं एकोणतीस.