सरकारी आकडा पटत नाही? मग शंका तरी नीट घ्या

महागाई कमी झाली अशी बातमी आली की सांगलीच्या मार्केट यार्डापासून कराडच्या मंडईपर्यंत सगळीकडं एकच रिअॅक्शन, "काय फेकाफेकी लावलीय राव". आणि ते अगदीच चुकीचं आहे असं नाही, सरकारनं आकडे दाबून ठेवलेत याची उदाहरणं आहेत, खाली सांगतोच. पण सगळंच खोटं म्हणून सोडून दिलं की फावतं कुणाचं, तर व्हॉट्सॲपवर आकडा ठोकून देणाऱ्याचं, त्याला कुणीच विचारत नाही की बाबा तू कुठनं आणलास. म्हणून शंका घ्यायचीच पण जागेवर घ्यायची. मी कसं बघतो ते लिहितोय, पटलं तर घ्या.

पहिलं म्हणजे आकडा नक्की कशाचा आहे ते बघा. ऑक्टोबर २०२५ ला किरकोळ महागाईचा दर ०.२५ टक्के आला, २०१२ चे भाव पाया धरून काढलेल्या मालिकेतला सगळ्यात कमी. लोक चिडले, किराणा दुकानात तर काही स्वस्त दिसत नव्हतं. पण हा दर म्हणजे गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना, आणि ऑक्टोबर २०२४ ला भाज्या कडाडलेल्या होत्या, दर ६.२१ होता, त्यामुळं २०२५ ची भाजी त्यापुढं स्वस्तच दिसणार. खाद्यतेल ऑक्टोबर २०२५ ला महाग होतं पण भाजीच्या उतारानं ते झाकून गेलं. दर खाली येणं आणि भाव खाली येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, टीव्हीवाले मुद्दाम म्हणा नाहीतर घाईत म्हणा, गल्लत करतात.

आता स्वतःच्या घराचा दर काढा, हे सगळ्यांनी एकदा करावंच. गेल्या वर्षीचा आणि यंदाचा एकच महिना घ्या, दिवाळीचा घेऊ नका, तो महिना सगळ्यांचाच बिघडलेला असतो. किराण्याची बिलं फोनवर असतात, नसली तर दुकानदाराच्या वहीत असतात. वस्तू आणि वजन तेच धरायचं, गेल्या वर्षी पाच किलोचा डबा आणि यंदा पंधराचा असं चालणार नाही. समजा गेल्या वर्षी महिन्याला १५ हजार लागत होते, किराणा-भाजी ६ हजार, शाळा-क्लास ४ हजार, दवाखाना २ हजार, पेट्रोल आणि गॅस ३ हजार. यंदा किराणा आणि पेट्रोल तेवढंच राहिलं, क्लास ४,६०० झाला, दवाखाना २,२००. एकूण १५,८००. म्हणजे तुमच्या घराची महागाई ५.३ टक्के. आता सरकारच्या टोपलीत, म्हणजे महागाई मोजायला धरलेल्या वस्तूंच्या यादीत बघा, त्या २०१२ च्या मालिकेत खाण्यापिण्याला ४५.८६ टक्के वजन होतं आणि शिक्षणाला साडेचारच्याही आत, आणि तुमच्या घरात शिक्षण पाव हिश्शाच्या वर गेलंय. म्हणजे त्यांनीही खोटं सांगितलं नाही आणि तुम्हीही उगाच ओरडत नाही, टोपली वेगळी आहे. भांडायचं असलं तर टोपलीवरनं भांडा, ते भांडण बरोबर आहे, कारण ती टोपली २०११-१२ च्या खर्चावर बेतलेली आणि ती बदलायला एक तपाहून जास्त काळ लावला.

बेरोजगारीचं थोडक्यात सांगतो. पीएलएफएस म्हणून सरकारचा रोजगाराचा सर्व्हे असतो, त्यातला आठवड्याचा हिशोब असा की मागच्या सात दिवसांत एखाद्या दिवशी एक तास जरी काम केलं तरी तो माणूस रोजगारात. घरच्या शेतात बिनपगारी राबणाराही रोजगारातच. तासगावकडं एमपीएससीचा अभ्यास करणारं पोरगं सकाळी वडिलांबरोबर द्राक्षबागेत औषध मारून आलं की संपलं, ते बेरोजगार नाही. म्हणून नुसता बेरोजगारीचा टक्का वाचून काही कळत नाही, त्याच्या शेजारीच पगारी नोकरी किती, स्वतःचा धंदा किती आणि घरची बिनपगारी मदत किती असं वेगळं दिलेलं असतं. ते वाचा, खरी मजा तिथं आहे.

स्थलांतराच्या आकड्यावर तर सगळ्यात जास्त राजकारण होतं. "देशात ४५ कोटी स्थलांतरित" असा फॉरवर्ड येतो आणि खाली परप्रांतीयांवरनं शिव्या सुरू. आकडा खरा आहे, २०११ च्या जनगणनेचा आहे. पण त्यात तासगावची लेक लग्न होऊन विट्याला गेली तरी ती स्थलांतरित. सगळ्यात मोठं कारण लग्नच, आणि दुसऱ्या राज्यातून आलेले साधारण साडेपाच कोटी. त्यात आपलीही माणसं आहेत बरं का, खानापूर-आटपाडीचे गलाईवाले सोन्याचांदीच्या धंद्यासाठी तामिळनाडूपासून उत्तर प्रदेशापर्यंत पसरलेत, तिथल्या लोकांच्या हिशोबात तेच परप्रांतीय.

बाहेरच्या देशातही हेच चाललंय. ब्रिटनमध्ये जून २०२३ पर्यंतच्या वर्षात आलेले वजा गेलेले आधी ६ लाख ७२ हजार सांगितले, मग ७ लाख ४० हजार, मग नोव्हेंबर २०२४ ला ९ लाख ६ हजार. लोक म्हणाले सरकार लपवत होतं. पण वाढवून सांगितलं कुणी, तर त्यांच्याच सांख्यिकी कार्यालयानं, व्हिसाची नवी माहिती हातात आल्यावर. (२०२० पर्यंत तर ते विमानतळावर-बंदरावर प्रवाशांना थांबवून विचारून हा अंदाज काढायचे, आणि तो सर्व्हे मुळात पर्यटनासाठी सुरू केलेला!) शिवाय तिथं वर्षभर किंवा जास्त राहायला येणारा प्रत्येक जण मोजतात, म्हणजे साताऱ्याचं पोरगं वर्षाच्या मास्टर्सला गेलं तरी ते त्या आकड्यात, आणि त्या आकड्यावरनं बोंब उठली की नियम त्याच्यावरच कडक होतात. जानेवारी २०२४ पासून बहुतेक विद्यार्थ्यांना बायकोपोरं नेणं बंद झालं ते याच गदारोळात.

तर माझा नियम असा आहे, बदललेल्या आकड्याला घाबरू नका, न आलेल्या आकड्याला घाबरा. अमेरिकेत ऑगस्ट २०२५ ला मे-जूनच्या नोकऱ्यांचा अंदाज २ लाख ५८ हजारांनी खाली आणला, हे तिथं नेहमीचं आहे कारण कंपन्या माहिती उशिरा देतात, पण ट्रम्पनी त्याच दिवशी हे आकडे काढणाऱ्या खात्याच्या प्रमुख बाईंना काढून टाकलं. शंका घ्यायची ती इथं. अर्जेंटिनात २००७ नंतर महागाईचा आकडा इतका दाबला की आंतरराष्ट्रीय नाणेनिधीनं २०१३ ला जाहीर ठपका ठेवला, आणि वेगळा आकडा सांगणाऱ्या खाजगी अर्थतज्ज्ञांना तिथल्या सरकारनं दंड केला होता. आणि आपल्याकडं? २०१७-१८ चा बेरोजगारीचा अहवाल, ६.१ टक्क्यांचा, अडवून ठेवला, राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या दोन सदस्यांनी जानेवारी २०१९ ला राजीनामे दिले, आणि अहवाल आला ३१ मे ला, निवडणूक झाल्यावर. त्याच वर्षाचा घरखर्चाचा सर्व्हे तर "दर्जा बरोबर नाही" म्हणून बाहेरच काढला नाही. हे लक्षात ठेवा, ०.२५ वरनं भांडण्यापेक्षा हे जास्त वजनाचं आहे.

जिल्ह्याचा आकडा हवा असेल तर अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं "जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन" शोधा, सांगलीचं वेगळं, साताऱ्याचं वेगळं, मराठीत असतं. बघताना तक्त्याच्या खालची बारीक टीप आधी वाचा, आकडा कुठल्या वर्षाचा ते तिथं असतं, बऱ्याचदा चालू वर्षाच्या पुस्तकात लोकसंख्या २०११ चीच निघते. नाही मिळालं तर माहिती अधिकाराचा अर्ज, फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. राज्याच्या कार्यालयाला लिहिताना एकच विषय आणि १५० शब्दांत बसवा नाहीतर त्याच कारणावरनं परत पाठवतात. "माहिती द्यावी" असं मोघम लिहू नका, कुठला तक्ता, कुठलं वर्ष, कुठला तालुका ते लिहा. आणि आकडा का लपवला असं विचारू नका, "का" ला उत्तर देत नाहीत, कागदाची प्रत मागा.

आणि जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. ज्यांची पोरं गलाईला किंवा मुंबईला माथाडीत आहेत त्यांच्या घरी आई हमखास म्हणणार, आमचाच हाय, घाला इथंच नाव. घालू नका. तो जिथं राहतोय तिथं त्याची नोंद होऊ द्या, आणि त्याला फोन करून विचारा की तिथं झाली का.