एएफएल ड्राफ्टमध्ये मिडफिल्डरचा भाव कसा लावायचा

आमच्या फॅन्टसी लीगमध्ये आठ जण आहेत. एएफएल ही ऑस्ट्रेलियन फुटबॉलची मोठी लीग; तिथले खरे खेळाडू आम्ही आळीपाळीने निवडून आपापला संघ बांधतो, आणि ते मैदानावर जे करतात त्याचे गुण आम्हाला मिळतात. या निवडीला ड्राफ्ट म्हणतात, एकेका निवडीला पिक. चौघं नागपुरातले, दोघं पुण्याला नोकरीसाठी गेलेले, आणि माझी मावसबहीण नि तिचा नवरा मेलबर्नला. ऑस्ट्रेलियन फुटबॉलचं वेड आम्हाला तिच्यामुळेच लागलं. दरवर्षी फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी सकाळी साडेनऊला नागपूरकर माझ्या घरी जमतात, तर्रीचं पातेलं आणि पोहे मधोमध, समोर लॅपटॉपवर पुणे आणि मेलबर्न. मेलबर्नला तेव्हा दुपारचे तीन वाजलेले असतात. ड्राफ्ट सुरू झाला की तिसऱ्या-चौथ्या पिकलाच वाद पेटतो, आणि तो दरवेळी मिडफिल्डरवरूनच, म्हणजे मैदानाच्या मधे चेंडूसाठी झुंजणाऱ्या खेळाडूंवरून. खरा मिडफिल्डर कोण, कोणाला लगेच उचलायचं, कोणासाठी थांबायचं.

यंदा दोघं जण पहिल्यांदाच खेळताहेत. त्यांनी विचारलं म्हणून मला जे कळलंय ते सगळं इथे लिहून काढतो.

पहिलं काम, आपली लीग कोणत्या गुणपद्धतीवर चालते ते बघा. एएफएल फॅन्टसीत किकला 3 गुण, हँडबॉलला (मुठीने मारून दिलेला पास) 2, मार्कला (किकचा चेंडू हवेत झेलला की) 3, टॅकलला (चेंडूवाल्याला पकडलं की) 4, गोलला 6, बिहाइंडला (गोल थोडक्यात हुकला की) 1, रकच्या (उंच उडी मारून चेंडू आपल्या माणसाकडे ढकलणाऱ्याच्या) हिटआउटला 1. फ्री किक मिळाली तर 1, समोरच्याला दिली तर वजा 3. सुपरकोच या दुसऱ्या फॅन्टसी खेळाचा हिशेब वेगळा आहे. तिथे चॅम्पियन डेटा या आकडेवारीच्या कंपनीचं सूत्र चालतं, एका सामन्यात दोन्ही संघांना मिळून 3300 गुण वाटले जातात, आणि गर्दीत झुंजून काढलेल्या चेंडूला जास्त मोल असतं. आम्ही पहिल्या पद्धतीने खेळतो, त्यामुळे पुढचं सगळं त्याच हिशेबाने वाचा.

आता कागद-पेन घ्या आणि दोन खेळाडू मांडा. दोघांचेही डिस्पोजल, म्हणजे किक आणि हँडबॉल मिळून, 28. पहिला गर्दीच्या आत घुसणारा: 10 किक म्हणजे 30, 18 हँडबॉल म्हणजे 36, 2 मार्क म्हणजे 6, 8 टॅकल म्हणजे 32. एकूण 104. दुसरा विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, मोकळा पळणारा: 20 किकचे 60, 8 हँडबॉलचे 16, 8 मार्कचे 24, 1 टॅकलचे 4. तोही 104.

यादीत दोघांची सरासरी सारखीच दिसेल, पण दोघांची कमाई सारखी नाही. पहिल्याचा वाईट दिवस म्हणजे टॅकल अर्धे झाले, तर तो 88 वर येतो. दुसऱ्याचा वाईट दिवस म्हणजे चार मार्क गेले आणि त्यामागून येणाऱ्या चार किकही गेल्या, तर तो थेट 80 वर. मार्क घेऊन लगेच किक मारणारा एकाच चेंडूवर 6 गुण कमावतो, म्हणून विंगवाला चांगल्या दिवशी फार वर जातो आणि पावसात खाली येतो. जून-जुलैत मेलबर्नला थंडी-पाऊस असतो, ओला चेंडू हातात थांबत नाही, मैदानभर टॅकलच टॅकल. अशा आठवड्यात आत घुसणारा तुम्हाला तारतो. मेलबर्नच्या मार्व्हल स्टेडियमला छत आहे, तिथे सामना असला की मी विंगवाल्याला बिनधास्त खेळवतो. पाच मिडफिल्डर घ्यायचे असतील तर माझ्या मते तीन आतले आणि दोन बाहेरचे. पाचही एकाच जातीचे घेतले की सगळे एकाच रविवारी बसतात.

गोल्ड कोस्ट क्लबचा मॅट रोवेल आतल्या जातीचा, सिडनीचा एरल गुल्डन बाहेरच्या. रोवेलने 2025 मध्ये 39 मतं मिळवून हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो पदक जिंकलं, तेव्हा आमच्यातला एक जण म्हणाला, आता हाच पहिल्या पिकचा माणूस. मला ते पटत नाही. ब्राउनलोची 3-2-1 मतं पंच देतात, सामना कोणी फिरवला ते बघून. 2024 मध्ये पॅट्रिक क्रिप्सने 45 मतं घेतली, आजवरची सगळ्यात जास्त. पण गर्दीतून चेंडू बाहेर काढून दिला याचे आमच्या पद्धतीत वेगळे गुण नाहीत. पदकं बाजूला ठेवून किक, मार्क, टॅकल मोजायचे.

खुर्च्या तीनच

मिडफिल्डरबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. प्रत्येक क्वार्टरच्या सुरुवातीला आणि प्रत्येक गोलनंतर चेंडू मधल्या वर्तुळात येतो. त्याला आम्ही सेंटर बाउन्स म्हणतो. 2019 पासूनच्या नियमाप्रमाणे तेव्हा प्रत्येक संघाचे सहा मागे, सहा पुढे आणि सहा मध्ये असतात. मधल्या सहांपैकी दोघं विंगवर आणि चौघंच मधल्या चौकोनात. त्या चौघांतला एक रक. म्हणजे खऱ्या मिडफिल्डरच्या खुर्च्या तीन.

त्या तीन खुर्च्यांवर कोण बसतं, हे गेल्या वर्षीच्या सरासरीत दिसत नाही. ते सरावाच्या सामन्यात दिसतं. कळमना बाजारात आमचा संत्र्याचा गाळा आहे. फेब्रुवारीत मृग बहाराचा माल येत असतो, पण दुपारी गर्दी ओसरली की मी मोबाइलवर सामना लावतो आणि हिशेबाच्या वहीची मागची पानं उघडतो. पानावर सेंटर बाउन्सचे रकाने, आणि दर वेळी चौकोनात उभ्या असलेल्या तिघांचे जर्सी नंबर. सामना संपला की मोजायचं. समजा 26 वेळा चेंडू मध्ये आला आणि एक खेळाडू 20 वेळा आत होता, तर खुर्ची त्याची. जो 8 वेळाच होता तो बाकीचा वेळ पुढे किंवा मागे काढणार, त्याचं नाव कितीही मोठं असो. एखादा विशीतला पोरगा 15 वेळा आत दिसला, तर त्या नंबरला मी लाल गोल करतो. ड्राफ्टमध्ये माझं खरं भांडवल हे लाल गोल आहेत. हे आयते आकडेही मिळतात, पण स्वतः मोजलं की कोण कोणाच्या जागी आत आला तेही कळतं.

भाव आवकेवर ठरतो

आता मोलाचा प्रश्न. 18 क्लब, प्रत्येकी तीन खुर्च्या, म्हणजे 54. अदलाबदल धरली तर एकेका क्लबचे पाच जण आलटून-पालटून आत जातात, म्हणजे नव्वदच्या आसपास खेळाडूंना मिडफिल्डचं काम मिळतं. आमच्या लीगला लागतात किती? आठ संघ, प्रत्येकी पाच, एकूण 40. म्हणजे मिडफिल्डरची आवक मागणीच्या दुपटीहून जास्त आहे. बाजारात रोज बघतो, आवक वाढली की चांगल्या मालालाही मनासारखा भाव येत नाही, आणि ज्या मालाच्या दोनच गाड्या आल्यात त्यावर सगळे तुटून पडतात.

म्हणून खेळाडूची सरासरी नुसती बघू नका. त्याच्याऐवजी फुकटात कोण मिळालं असतं ते बघा. समजा पहिला मिड 115 चा, पंधरावा 103 चा आणि चाळिसावा 92 चा आहे. पहिला बचावपटू 105 चा, बारावा 90 चा, आणि आमच्या लीगला चार-चार लागतात म्हणून शेवटचा, म्हणजे बत्तिसावा, 76 चा. पहिला मिड चाळिसाव्यापेक्षा 23 ने वर आहे, पण पहिला बचावपटू बत्तिसाव्यापेक्षा 29 ने वर. पंधराव्या मिडचा फरक 11, बाराव्या बचावपटूचा 14. मिडचे आकडे मोठे दिसतात, तरी तुमच्या संघाला जास्त उपयोग बचावपटूचा होतोय. हे आकडे समजावण्यापुरते आहेत. तुमच्या लीगचे संघ, जागा आणि गेल्या वर्षीच्या सरासऱ्या घालून हेच गणित स्वतः करा, अर्धा तास लागतो.

पहिल्या वर्षी मी हे गणित केलं नव्हतं. पहिल्या चारही पिक मिडफिल्डरच्या घेतल्या, कारण यादीत तेच सगळ्यात वर होते. पाचव्या फेरीला बचावपटू शोधायला गेलो तर चांगले आठ-दहा उचलले गेले होते. पूर्ण हंगाम माझे मिड शंभरी मारायचे आणि मागचे दोघं साठीत अडकायचे. तो हंगाम मला अजून सलतो.

आमचा ड्राफ्ट सापासारखा वळतो, म्हणजे दर फेरीला क्रम उलटतो. पहिल्या क्रमांकाला 1, 16 आणि 17 वी पिक, आठव्याला 8, 9, आणि मग थेट 24, 25. पहिल्या पाचांत नंबर लागला तर अव्वल मिडफिल्डर घ्या, निक डायकोससारखा. तिथे थांबण्यात अर्थ नाही, असे चार-पाचच असतात. सातवा-आठवा नंबर आला तर मी एक बचावपटू किंवा मॅक्स गॉनसारखा रक घेऊन वळतो, आणि मिड तिसऱ्या फेरीपासून भरतो. तुमच्या लीगमध्ये कर्णधाराचे गुण दुप्पट होत असतील तर मात्र अव्वल मिडचं मोल बरंच वाढतं, कारण दीडशेचा स्कोअर बहुधा तेच आणतात.

दोन जागांचा खेळाडू

ड्राफ्टमधला सगळ्यात गोड माल हा. यादीत फॉरवर्ड म्हणून नोंदलेला, पण मैदानावर मिडफिल्डच्या खुर्चीत बसणारा. सिडनीचा आयझॅक हीनी आधीची बरीच वर्षं मुख्यतः फॉरवर्ड खेळला. 2024 च्या सुरुवातीला कॅलम मिल्स, ल्यूक पार्कर वगैरे तिथले मिड जायबंदी होते, म्हणून तो मध्ये आला आणि लीगमधल्या सर्वोत्तम मिडफिल्डरमध्ये जाऊन बसला. फॅन्टसीत मात्र त्याची नोंद फॉरवर्ड. ज्यांनी सरावाचे सामने पाहिले होते त्यांना फॉरवर्डच्या जागी मिडफिल्डरचे गुण मिळाले. म्हणून दुखापतीची बातमी वाचताना कोण बाहेर गेला यापेक्षा त्याच्या खुर्चीवर कोण बसणार ते शोधा. हंगामात ठरावीक टप्प्यांवर नव्या जागा जाहीर होतात, त्या तारखा कॅलेंडरवर खुणा करून ठेवा.

मिडचा माणूस हाफबॅकला, म्हणजे बचावाच्या पुढच्या रांगेत, गेला म्हणून घाबरू नका. मोकळे मार्क मिळतात, आणि बिहाइंडनंतरची किक घेणारा गोलसमोरच्या चौकोनातून बाहेर पळत निघाला तर ती किकही त्याच्या खात्यात जाते. फॉरवर्ड पॉकेटला, म्हणजे समोरच्या गोलजवळच्या कोपऱ्यात, गेला तर मात्र काळजी करा.

टॅगरचं थोडक्यात. काही प्रशिक्षक समोरच्या अव्वल मिडवर एक माणूस नुसता चिकटवून ठेवतात. 2023 मध्ये हॉथॉर्नच्या फिन मॅगिनेसने डायकोसला असं जखडलं की त्याचे पाचच डिस्पोजल झाले. त्यात डायकोसच्या गुडघ्यालाही त्याच सामन्यात मार लागला, तरी तोवर त्याला चेंडू मिळतच नव्हता. एका आठवड्याच्या टॅगमुळे अव्वल खेळाडू विकू नका. उलट समोरचा घाबरून विकत असेल तर घ्या. टॅगर स्वतः मात्र आमच्या पद्धतीत सहसा कामाचा नाही.

यंदाचा मोठा वाद ख्रिश्चन पेट्राकाचा. 2025 चा हंगाम संपल्यावर तो मेलबर्न सोडून गोल्ड कोस्टला गेला. बदल्यांचा काळ संपून आठवडा झाला होता आणि भाऊबीज आली. मावसबहिणीने व्हिडिओ कॉलवर ओवाळलं, आणि निरांजन खाली ठेवायच्या आत माझ्या भाच्याने विषय काढला, "मावशी, पेट्राकाले दुसऱ्या फेरीत उचलू का?"

"काहून? नाव पाहून राहिला का तू?" ती म्हणाली. "तिथं रोवेल हाये, अँडरसन हाये, मिलर हाये. खुर्च्या किती?"

"तीन."

"मंग तो बसन कुठं?"

भाचा ऐकणारा नाही. 2021 च्या ग्रँड फायनलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, सर्वोत्तम खेळाडूचं नॉर्म स्मिथ पदक जिंकलेल्या माणसाला कोणता प्रशिक्षक बाहेर बसवेल, असं त्याचं म्हणणं. यावर तिच्या नवऱ्याने जो मुद्दा काढला तो मला सगळ्यात मोलाचा वाटला. पेट्राका पुढे जाऊन गोल करतो, हे त्याचं जुनं काम आहे. तो अर्धा वेळ पुढे खेळला तर त्याची सरासरी घसरेल, पण हंगामात फॉरवर्डची नोंद मिळाली तर त्याच गुणांचा भाव वाढेल. मिड म्हणून 95 म्हणजे साधा माल, फॉरवर्ड म्हणून 95 म्हणजे पहिल्या रांगेचा. माझा निर्णय असा झाला की दुसऱ्या फेरीत नाही, चौथ्या फेरीत मिळाला तर नक्की. क्लेटन ऑलिव्हर जीडब्ल्यूएसला, म्हणजे ग्रेटर वेस्टर्न सिडनी क्लबला, गेला, त्यालाही हीच कसोटी लावा. आधी तिथे बसलेले तिघं लिहा, मग त्याचं नाव.

सुट्टीचे आठवडे, म्हणजे क्लबचा सामना नसतो ते, ड्राफ्टच्या आधी तपासा. पाचांपैकी तीन मिड एकाच आठवड्यात सुट्टीवर असतील तर तो आठवडा गेला. आणि सामन्यांच्या वेळा ध्यानात ठेवा. मार्चमध्ये मेलबर्न आपल्यापुढे साडेपाच तास, एप्रिलच्या पहिल्या रविवारपासून साडेचार. संध्याकाळी साडेसातचा सामना एप्रिलनंतर आपल्याकडे दुपारी तीनला लागतो, तोवर संघात शेवटच्या क्षणी झालेला बदल बघून घ्यायचा.

बेंचच्या शेवटच्या दोन पिक मी तिशी ओलांडलेल्या, ठरलेल्या ऐंशीच्या खेळाडूंवर घालवत नाही. तसे पन्नास जण हंगामभर मोकळे असतात. तिथे मी वही उघडतो आणि लाल गोल असलेले नंबर घेतो. यंदा तीन गोल आहेत. नंबर मात्र रविवारच्या आधी कोणाला सांगणार नाही.