पुरात बुडालेली कॅम्पर व्हॅन: चावी लावण्याआधी आणि नंतर

22 जुलै 2021 ला चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठीचं आणि शिवनदीचं पाणी शिरलं, तेव्हा आमची कॅम्पर व्हॅन, म्हणजे जुनी ट्रॅव्हलर मिनीबस, गॅरेजच्या मागच्या शेडमध्ये उभी होती. शाळेच्या फेऱ्या करणारी जुनी गाडी घेऊन मी आणि माझ्या मावसभावानं दोन वर्षं खपून तिचं घर केलं होतं. मी गाड्यांचं काम करतो, तो सुतार आहे. पाणी ओसरल्यावर शेडमध्ये गेलो तर चाकं गाळात रुतलेली आणि खिडकीच्या काचेखाली चार बोटांवर चिखलाची सरळ रेघ. माझा हात चावीकडे गेला. भावानं मनगट धरलं, म्हणून ते इंजिन वाचलं.

त्यामुळे पहिलं सांगणं हेच: सेल्फ मारू नका. ‘लाइट तरी लागतात का बघू’ म्हणूनही चावी फिरवू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. विम्यातही हे नडतं. पुरात गाडी बुडणं सर्वसमावेशक पॉलिसीत बसतं, पण नंतर सेल्फ मारून इंजिन बिघडलं तर इंजिन प्रोटेक्ट नावाचं जादा कव्हर नसताना बहुतेक दावा नाकारतात. नुसती थर्ड पार्टी असेल तर पुराचं काहीच मिळत नाही.

गमबूट आणि रबरी हातमोजे घालूनच गाडीत चढा. आपल्याकडे पुरानंतर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) होतो, पायावर जखम असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मग बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडा. छतावर सोलर पॅनेल असतील तर इथं बरेचजण चुकतात. बॅटरी सोडली म्हणून पॅनेल थांबत नाही, ऊन पडलं की तारेत करंट येतो. आमच्या इन्व्हर्टरच्या पेटीत गाळ भरला होता आणि नेमकं त्या दिवशी दुपारी ऊन आलं. आधी पॅनेलवर जाड ताडपत्री टाकून दोरीनं आवळली, मगच आत हात घातला. लिथियमची बॅटरी बुडाली असेल तर ती चार्ज करून बघायची नाही. बाहेर मोकळ्या जागी, घरापासून आणि गाडीपासून लांब ठेवायची, ती परत वापरात घ्यायची नाही. स्वयंपाकाच्या गॅसचा सिलिंडर बंद करून एजन्सीला परत द्या. रेग्युलेटर आणि नळी नवीनच घ्या, तिथं काटकसर नको.

धुण्याआधी फोटो काढा. चिखलाची रेघ, ओडोमीटर, चेसिस नंबर आणि आतलं प्रत्येक कपाट उघडून. विमा कंपनीला कळवा आणि सर्व्हेअर येईपर्यंत काही फेकू नका. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेल्या किमतीच्या) 75 टक्क्यांवर गेला तर गाडी टोटल लॉस धरतात. आतल्या फर्निचरचे पैसे मात्र तो बदल आरसी बुकवर चढवला असेल आणि कंपनीला कळवला असेल तरच मागता येतात. आमचा चढवलेला नव्हता, आतलं सगळं आमच्याच खिशातून गेलं.

आता पाणी कुठवर आलं होतं ते नक्की करा. बाहेरची रेघ पावसानं धुऊन जाते, म्हणून सीटबेल्ट पूर्ण ओढून काढा. आत गुंडाळलेल्या पट्ट्यावर गाळाचा डाग राहतो, तो खोटं बोलत नाही. पाणी फरशीच्या खालीच राहिलं असेल तर बेअरिंग, ब्रेक आणि ऑइल एवढ्यावर भागतं. सीटपर्यंत आलं असेल तर घर उघडावं लागणार. डॅशबोर्ड बुडाला असेल तर ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि मीटरची वायरिंग धरून हिशेब करा, आणि गाडी जुनी असेल तर सोडून देण्याचा विचार मनापासून करा.

इंजिनाची डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं की पाणी गेलंच. एअर फिल्टर कोरडा असला तरी समाधान मानू नका, उभ्या गाडीत सायलेन्सरमधूनही पाणी चढतं. आम्ही इंजेक्टर काढले आणि क्रँक पुलीवर पाना लावून हातानं इंजिन पूर्ण दोन फेरे फिरवलं. तिसऱ्या सिलिंडरमधून पाण्याची चिळकांडी थेट बॉनेटवर उडाली. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडलं, ऑइल आणि फिल्टर बदलले, पंधरा मिनिटं गाडी चालू ठेवून पुन्हा बदलले. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचा खालचा नट जरासाच सैल करा. पाणी ऑइलपेक्षा जड असल्यानं तळाला बसतं आणि आधी तेच गळतं. डिझेल टाकीचंही तसंच. ब्रेक ऑइल बदला, ड्रम उघडा, आत गाळाची वडी बसलेली असते. सेल्फ आणि अल्टरनेटर खोलून धुऊन सुकवले तर बऱ्याचदा चालतात.

गाळ ओला आहे तोवर धुवा, वाळला की सिमेंट. चिपळूणला लागून गोवळकोटपर्यंत खाडी आहे, भरतीचं पाणी मिसळतं, म्हणून आम्ही गोड्या पाण्यानं तीनदा धुतली. चेसिसच्या पोकळ पट्ट्यांना खाली पाणी निघायची भोकं असतात, ती तारेनं मोकळी करा. दारांच्या तळाशीही असतात.

इथपर्यंत कुठलाही चांगला मेकॅनिक करेल. कॅम्पर खराब होते ती पुढच्या कामात. भिंत वरून पुसली की स्वच्छ दिसते आणि आत पत्र्याला लागून ओला गाळ तसाच राहतो. मला वाटत होतं, आपण खालच्या दोन फळ्या काढू आणि पंखा लावू. भावानं एकच स्क्रू काढला, भोकातून तपकिरी पाणी बोटभर धारेनं वाहिलं. मग आम्ही रेघेच्या वर हातभर अंतरापर्यंत सगळं उघडलं, कारण भिंतीत उष्णता अडवायला भरलेलं ग्लासवूल पाणी वर ओढून घेतं. ते पिळून, वाळवून परत वापरता येत नाही. थर्माकोलच्या शीट धुऊन चालतात, पण त्यांच्या मागचा पत्रा बघितल्याशिवाय नाही. सीटचे फोम टाकून द्या.

प्लायची परीक्षा बोटांच्या पेरांनी होते. चांगली प्लाय टणक वाजते, थर सुटलेली पोकळ. आम्ही फरशीला आयएस 710 या भारतीय मानकाची, पाण्यात टिकणारी मरीन प्लाय वापरली होती, ती कडा घासून वाचली. ओट्याला पैसे वाचवायला साधी, आयएस 303 मानकातली लावली होती, तिची पानं पुस्तकासारखी उघडली.

भिंती कधी बंद करायच्या, याची घाई मलाच जास्त होती. गणपतीत गावी न्यायची होती. पण कोकणात पावसात हवाच ओली, लाकूड सुकणार कसं? भावानं फरशीवर वीतभर प्लॅस्टिकचा चौकोन चारी बाजूंनी चिकटपट्टीनं सील करून रात्रभर ठेवला. सकाळी आतून मोत्यासारखे थेंब. दर आठवड्याला तो हेच करत होता. ऑक्टोबरच्या उन्हात, दसऱ्यानंतर कुठं प्लॅस्टिक कोरडं निघालं. तोवर दारं उघडी ठेवून, गंजलेल्या जागा घासून प्राइमर मारत बसलो.

वायरिंगचे जोड सगळे कापून नवीन केले. बुडालेली तार बाहेरून ठीक दिसते, पण टोक सोललं की तांबं हिरवं-काळं. तांबं लख्ख निघेपर्यंत मागे कापत जायचं. इन्व्हर्टर आणि चार्ज कंट्रोलर नवीन घेतले, या वेळी सीटखाली न ठेवता छताजवळच्या कपाटात बसवले.

दिवाळीनंतर भिंती लावल्या. डाव्या बाजूला, चाकाच्या कमानीवर, चार स्क्रूंची एक फळी भावानं मुद्दाम वेगळी ठेवली आहे. दर जूनमध्ये ती काढून आम्ही टॉर्च घेऊन आत बघतो आणि पत्र्याला हात लावतो.