अबोल माणसानं गिऱ्हाईक कसं आणायचं

नागपूरच्या इतवारी-गांधीबागेतल्या दुकानदारांचे हिशेब लिहायचे आणि त्यांची जीएसटीची विवरणपत्रं भरून द्यायची, हा माझा धंदा. सीए नाही, साधा एम.कॉम. आहे. काम शिकायला फार त्रास झाला नाही; गिऱ्हाईक कुठून आणायचं, हे मात्र कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. तिथं मॅकार्थीचे १९६० मधले मार्केटिंगचे चार ‘पी’ पाठ केले होते. प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन. विकणारा माणूस बोलका की घुमा, याची त्यात चौकशीच नाही.

धंदा सुरू केला की सल्ले फुकट मिळतात. रील टाक, सकाळी सातच्या नेटवर्किंग मीटिंगला जा, रोज अनोळखी लोकांना फोन लाव. ज्यांना हे जमतं त्यांचं खरंच चालतं. माझा एक मित्र घरांवर सोलर बसवून देतो. मनीषनगरातल्या कुठल्याही सोसायटीत त्याला सोडा, लिफ्टपाशी पोचेस्तोवर दोघांशी ओळख झालेली असते. तीन किलोवॅटला केंद्राची ७८ हजारांची सबसिडी कशी मिळते, हे तो पानठेल्यावर उभ्याउभ्या समजावतो. वरून नागपूरचा मे महिना आणि विजेचं बिल त्याच्या मदतीला असतंच. हे सगळं एका पानावर लिहून लोकांना पाठव, असं मी सुचवलं तर म्हणाला, “लिवाचं काऊन बे, मी हाओ ना सांगाले!” बरोबरच होतं त्याचं. त्यानं लिहिलेलं पान कुणी वाचलं नसतं, आणि माझी रील कुणी पाहिली नसती.

जाहिरात आणि बडबड यांच्यावाचून धंदा उभाच राहत नाही असं वाटत असेल, तर सिव्हिल लाइन्समधल्या हायकोर्टाच्या खंडपीठाकडे बघा. बार कौन्सिलच्या नियमांमुळे वकिलांना जाहिरात करून काम मागता येत नाही. सीएंवरही १९४९ च्या कायद्याची तशीच बंधनं आहेत. तरी नाव असलेल्यांच्या ऑफिसात बसायला जागा नसते, कारण जुना पक्षकारच नव्याला घेऊन येतो. बोलक्यांच्या बाबतीतही थोडा गैरसमज आहे. अ‍ॅडम ग्रँट या मानसशास्त्रज्ञानं २०१३ मध्ये फोनवरून विक्री करणाऱ्या ३४० जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सगळ्यांत जास्त कमाई मधल्या स्वभावाच्या लोकांची निघाली, अति बोलक्यांची नाही.

आपला स्वभाव कोणता, हे ठरवायला ऑनलाइन चाचण्या देत बसू नका. कुणी न सांगता, पैसे न घेता तुम्ही लोकांसाठी काय करत आलात ते आठवा. मला तारखा लक्षात राहतात. घरात कुणाचं विम्याचं, कुणाचं गाडीच्या पीयूसीचं, सगळं मीच आठवण करून देतो. तेच मी धंद्यात आणलं. दर महिन्याला विवरणपत्र भरणाऱ्यांना जीएसटीआर-१ साठी, म्हणजे विक्रीच्या तपशिलासाठी, ११ तारीख असते; ३बी साठी, म्हणजे कराच्या हिशेबासाठी, २०. दोन दिवस आधी माझा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज जातो: तारीख कोणती, कोणते कागद लागतील, ३बी ला उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये, व्यवहारच नसेल तर २०. ‘आमची सेवा घ्या’ हे त्यात कुठंच नसतं. ज्यांचं काम मी करत नाही त्यांनाही तो जातो, आणि कधीतरी त्यांच्यातल्याच कुणाचा फोन येतो.

यात एक तांत्रिक गोम आहे. एकच मेसेज एकदम अनेकांना वेगवेगळा पाठवायला व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट लिस्ट असते; तिच्यातला मेसेज ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. म्हणून पहिल्या भेटीतच ‘नंबर सेव्ह करून घ्या, तारीख जवळ आली की कळवीन’ एवढं म्हणायचं. गूगलवरचं बिझनेस प्रोफाइलही फुकट बनतं. आपण गप्प बसलो तरी आपल्याबद्दल गिऱ्हाईक तिथं बोलतं.

पण आपल्याइतकाच समोरच्याचाही स्वभाव पाहावा लागतो. इतवारीतला व्यापारी मेसेज वाचेल, पण वह्या हातात देण्याआधी माणूस बघेल. तिथं जाणं चुकत नाही. मी दुपारी जेवणानंतर जातो, दुकान थंड असतं. हिंदीत एकच विचारायचं: “भैया, पिछले महीने रिटर्न में कुछ अटका था क्या?” पुढं तोच बोलतो, आणि ऐकून घेणं आपल्याला जमतंच. दिवाळीच्या आधी मात्र तिकडं फिरकू नका, पाणीसुद्धा कुणी विचारणार नाही.

नवीन गिऱ्हाईक आलं की नंबर कुठून मिळाला ते विचारून वहीत लिहा. सहा महिन्यांनी ती वही उघडली की कोणती रीत सोडायची ते कुणाला विचारावं लागत नाही.

स्वभावाची सबब दोन ठिकाणी चालत नाही: फी सांगताना आणि थकलेली फी मागताना. तोंडी सांगताना मी आपणहूनच भाव उतरवतो, म्हणून छापील दरपत्रक ठेवलंय. ते टेबलावर सरकवायचं आणि गप्प राहायचं. बिलावरच क्यूआर कोड छापलाय, त्यामुळे निम्मी वसुली न बोलता होते. उरलेल्यांना फोन करावाच लागतो. तो सकाळी दुकान उघडताना करू नका. बोहनीच्या आधी पैसे मागणारा माणूस इतवारीत वर्षभर लक्षात ठेवतात.